मला आवडतं, मे गुस्ता

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथल्या माणसांत राहून ते चिनी बोलायला, लिहायलाही शिकले. भाषेत बुडणं म्हणतात ते हेच.

आज स्पॅनिश शिकणारी महाविद्यालयीन मुलं अशाच निवासी अभ्यासक्रमांसाठी स्पेनला जातात. सालामांका हे त्यासाठी नावाजलेलं गाव. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. सकाळी वर्ग, आणि राहायला बऱ्याचदा एखाद्या स्थानिक कुटुंबाचं घर. माझ्या मते खरी शाळा त्या घरातच असते. दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर, आणि मीठ मागायचं तरी स्पॅनिशमध्येच!

मराठी मुलांना एक गोष्ट फार सोपी जाते. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे 'मला आंबा आवडतो'. आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', म्हणजे 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून विचार करणारा इथं अडखळतो. म्हणून मुलांनो, स्पॅनिश शिकताना मराठीतून विचार करा.

मात्र कोऱ्या पाटीनं जाऊ नका. भाषेच्या ए-वन, ए-टू या पहिल्या पायऱ्या इथंच चढा. दिल्लीत स्पेन सरकारची इन्स्तितुतो सेर्वांतेस ही संस्था आहे. 'देले' या स्पॅनिशच्या परीक्षेच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. आणि मुक्काम नव्वद दिवसांहून जास्त असेल, तर विद्यार्थी व्हिसा लागतो. त्याची कागदपत्रं आधीच जमवायला लागा.