लावणीच्या दिवसांत आईचा पान्हा टिकवा

(देवरूख, ता. संगमेश्वर येथे शेतकरी कुटुंबांपुढे केलेले भाषण)



भाताच्या लावणीवर बोलण्यासाठी आपण मला बोलावले आहे. मी कृषिविद्या शिकवते. आवणाचे वय, दोन चुडांतील अंतर, खताच्या मात्रा हा माझा विषय. पण आज लावणीत होणाऱ्या एका वेगळ्या नुकसानीविषयी बोलणार आहे.

घरात दोन-तीन महिन्यांचे तान्हे बाळ असते. आई सकाळी आठला शेतावर जाते आणि दिवेलागणीला परतते. लावणी आटोपेपर्यंत तिचे दूध कमी झालेले असते. मग घरात म्हणतात, "हिला दूधच पुरत नाही," आणि पावडरचा डबा येतो. दूध का कमी झाले, हे गुरे पाळणाऱ्या प्रत्येकाला खरे तर ठाऊक आहे. गोठ्यातले ते ज्ञान आपण माजघरात आणत नाही, इतकेच.

दूध का आटते?

गाभण गाय विण्याआधी दोन महिने आपण आटवतो. त्यासाठी धारा कमी करतो. आधी दोन वेळेची एक वेळ, मग एक दिवसाआड. कासेत दूध साठून राहिले की नवे दूध तयार होणे मंदावते. आईच्या बाबतीत निसर्गाचा नियम हाच आहे. बाळ जितके ओढेल तितके दूध तयार होते. साठून राहिले की कमी होते.

आता हिशेब करा. लहान बाळ दर दोन-तीन तासांनी पिते, म्हणजे दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा. आई दहा तास दूर राहिली तर सुमारे चार पाजण्या चुकतात. लावणी पंधरा दिवस चालली तर साठ. जे गाईच्या बाबतीत मुद्दाम करतो, ते आईच्या बाबतीत नकळत करून बसतो.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. गाय बुजली, दुखावली, तर कासेत दूध असूनही पान्हा सोडत नाही. आईचेही तसेच आहे. दूध तयार होण्यासाठी प्रोलॅक्टिन आणि ते वाहण्यासाठी ऑक्सिटोसिन ही संप्रेरके लागतात. भीती, वेदना आणि टोचून बोलणे यांनी पान्हा अडतो. म्हणून "तुला दूध नाही" हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये.

शेतकामाचे नियोजन

1. सर्व रोपवाटिका एकाच दिवशी पेरू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्पे करा. हळव्या आणि गरव्या जातींची सांगड घाला. लावणी विभागली जाते आणि एका बाईवर दिवसभराचा ताण येत नाही.

2. बाळंतिणीला दूरच्या मळ्यात पाठवू नका. घराजवळचे काम द्या आणि दुपारी घरी येऊ द्या. दूर जाणे अटळ असेल तर बाळ आणि आजी दोघांना मांगरात कोरड्या जागी न्या. पाजण्यासाठी तिने दर दोन-तीन तासांनी चिखलातून वर यावे, आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये.

3. पाजण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. कीटकनाशक फवारणीचे काम तिला मुळीच देऊ नये.

4. ज्यांना शक्य आहे त्यांनी नेरळच्या श्री. चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्राची माहिती घ्यावी. त्यात चिखलणी आणि लावणी दोन्ही नसतात. तणनियंत्रण मात्र वेळेवर करावे लागते.

दूध काढून ठेवणे

शेतावर जाण्यापूर्वी बाळाला दोन्ही बाजूंनी पोटभर पाजावे. मग उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात हाताने दूध काढून झाकून ठेवावे. साध्या हवेत चार तास आणि फ्रीजमध्ये चोवीस तास ते वापरता येते. गॅसवर तापवू नये. कोमट पाण्यात भांडे धरावे. पाजायला स्वच्छ वाटी-चमचा किंवा उकळलेले बोंडले घ्यावे. बाटली नको.

शेतावर स्तन भरून ठणकू लागले तर तेथेही दूध काढावे. परतल्यावर प्रथम बाळाला घ्यावे, चूल नंतर. रात्रीच्या पाजण्या चुकवू नयेत. प्रोलॅक्टिन रात्री अधिक स्रवते. दूध कमी झालेले असले तरी वारंवार पाजल्याने ते बहुतेक वेळा पुन्हा वाढते.

आईचा आहार

दूध देणाऱ्या आईला रोज सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, मासळी किंवा डाळ, पालेभाजी, खोबरे घातलेला हळिवाचा लाडू हे आपलेच पदार्थ उत्तम आहेत. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये 340 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. मात्र लाडू खाल्ला आणि पाजले नाही, तर दूध वाढणार नाही. तहान लागेल तसे पाणी प्यावे. मिश्री बंद करावी. तंबाखूतील निकोटिन दुधातून बाळाला जाते. गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. काही गोळ्यांनी दूध कमी होते.

दूध पुरते की नाही?

बाळ रडते यावरून ठरवू नका. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी झाली आणि पहिल्या महिन्यांत दरमहा अर्धा किलो किंवा जास्त वजन वाढले, तर दूध पुरते. अंगणवाडीत वजन करून घ्या. वजन वाढत नसेल, लघवी कमी होत असेल, बाळ मलूल असेल, किंवा आईला ताप येऊन स्तन लाल होऊन दुखत असेल, तर त्वरित डॉक्टरांकडे जा. स्तन दुखतो म्हणून पाजणे थांबवू नका.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणी, मध, गुटी काहीही देऊ नये. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ असते. पावडरच्या दुधातून तेच बाळाच्या पोटात जाते आणि हगवण लागते. शिवाय बाळ बाहेरच्या दुधाने भरले की आईला कमी ओढते, आणि दूध आणखी आटते. शिशुदुग्ध पर्यायांच्या जाहिरातींवर आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती याच काळजीपोटी.

बंधूंनो, याच देवरूखात 1954 साली इंदिराबाई हळबे, म्हणजे आपल्या मावशी, यांनी मातृमंदिर उभे केले. बाळंतिणीची काळजी या गावाला नवी नाही. लावणी चार दिवस पुढे गेली तर थोडे उत्पन्न कमी येईल. पुढच्या हंगामात ते भरून काढता येते. बाळाचे हे सहा महिने पुन्हा येत नाहीत. म्हणून यंदा लावणीची माणसे मोजताना घरच्या बाळंतिणीला त्यांत धरू नका.