गाडीची कुरकुर
(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाणी संपली आणि जेवण अजून लागायचे आहे, अशा नाजूक वेळी "दहा मिनिटे काहीतरी उपयोगाचे बोला" असा आदेश कार्यकारिणीने आम्हाला दिला आहे. आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. आमच्या कामाविषयी बोलायला लागलो तर तुम्ही आत्ताच ताटे घेऊन रांगेत उभे राहाल. म्हणून विषय निवडला तो इथे प्रत्येकाच्या दारात उभा असलेला. गाडी! त्यातही इंजिनाच्या कडेला फिरणारी एक छोटी पुली आणि त्या पुलीच्या पोटातले बेअरिंग. हे बेअरिंग झिजले तर ते घरी बदलता येते का? येते. कसे, ते सांगतो.

आम्ही म्हणजे आयसेलिन-एडिसन भागातली चार मित्रमंडळी. सगळे इंजिनिअर, सगळे तिशीतले, आठवडाभर कीबोर्ड बडवणारे. शनिवारी मात्र कुणाच्या तरी ड्राइव्हवेत बॉनेट, म्हणजे इथल्या भाषेत हुड, उघडून उभे असतो. बायका म्हणतात, "एवढ्या वेळात घर आवरून झालं असतं." त्याला आमच्याकडे उत्तर नाही.

आता मुद्द्याचे. पेट्रोलच्या गाडीचे बॉनेट उघडले की एका बाजूला लांबलचक काळा पट्टा दिसतो. सापासारखा वळणे घेत जातो, म्हणून त्याला इथे सर्पेंटाइन बेल्ट म्हणतात. इंजिनाचा क्रँक हा पट्टा फिरवतो आणि पट्टा फिरवतो बाकीच्या मंडळींना : बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा काँप्रेसर, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप आणि थोड्या जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंपसुद्धा. या सगळ्यांच्या मध्ये एक-दोन पुल्या अशा असतात की त्या स्वतः काहीच चालवत नाहीत. पट्ट्याला वळण द्यायचे आणि ताणून धरायचे, एवढेच त्यांचे काम. एक आयडलर पुली आणि दुसरी स्प्रिंगवरची टेन्शनर पुली. नाव 'आयडलर', पण हिच्याइतके कष्ट कुणाला नसतात.

थोडे गणित करू, आपल्याला सवय आहे. बऱ्याच गाड्यांत क्रँकची पुली या छोट्या पुलीच्या साधारण दुप्पट व्यासाची असते. म्हणजे गार्डन स्टेट पार्कवेवर इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत असेल, तर ही पुली घेते ५,०००. तासाला ३ लाख. रोज जाऊन-येऊन एक तास आणि वर्षाचे २५० दिवस कामाचे धरले, तर वर्षाला साडेसात कोटी फेरे! हे सगळे आठ-नऊ छर्रे आणि कारखान्यात एकदाच भरलेले चिमूटभर ग्रीस यांच्या जिवावर. वरून इंजिनाची उष्णता, खालून न्यू जर्सीच्या हिवाळ्यातले रस्त्यावरचे मीठ आणि पाणी. काही वर्षांनी रबराचे सील कडक होते, ग्रीस सुकते, छर्रे आपल्या वाटेत बारीक खड्डे पाडतात. मग कुरकुर सुरू होते.

ही कुरकुर दुर्लक्षिली तर काय होते? एक दिवस बेअरिंग जाम होते किंवा पुली तिरकी होते, आणि पट्टा जळतो नाहीतर उडून जातो. पट्टा गेला की अल्टरनेटर बंद, बॅटरीचा लाल दिवा लागतो. जुन्या गाडीत स्टिअरिंग एकदम जड होते. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर काही मिनिटांतच इंजिन तापते, आणि तरीही गाडी दामटली तर हेड गॅस्केटपर्यंत प्रकरण जाते. एक्झिट १३१ च्या आसपास संध्याकाळी सहा वाजता, मागच्या सीटवर भारतातून आलेले आई-बाबा आणि बाजूने सुसाट जाणाऱ्या गाड्या असताना हे घडले तर काय होईल, ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

आणि हे घडते कुणाच्या बाबतीत? ज्यांच्याकडे एकच गाडी आहे आणि तीही जुनी. नुकताच आलेला विद्यार्थी, चार हात बदललेली कॅमरी किंवा अकॉर्ड घेणारा. किंवा ज्याची नोकरी गेली आहे असा आपलाच एखादा माणूस. २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत तो मुलाखतींना जाईल, मुलांना शाळेत सोडेल, पण गॅरेजवाल्याकडे जाणार नाही. इथे गॅरेजची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर असते, आणि बिल किती होईल या भीतीने तो रेडिओचा आवाज वाढवून कुरकुर झाकतो. मंडळी, आमचा आजचा खरा विषय हा आहे. दहा-वीस डॉलरची वस्तू वेळेवर बदलली नाही म्हणून हजारोंचे इंजिन जाऊ नये, आणि ज्याला ते परवडत नाही त्याचे तर मुळीच जाऊ नये.

तर आधी निदान. आवाज पट्ट्याचा की बेअरिंगचा? पट्टा घसरला की 'ची-ची' असा किंचाळतो. बेअरिंग 'घर्र-घर्र' करते, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो आवाज चढत जातो. इंजिन चालू ठेवून, हातभर अंतरावरून, स्प्रेच्या बाटलीने पट्ट्याच्या रेघांच्या बाजूवर थोडे पाणी मारा. आवाज लगेच बदलला तर दोष बहुधा पट्ट्याचा किंवा त्याच्या ताणाचा. काहीच फरक पडला नाही तर संशय बेअरिंगवर. हे करताना ओढणी, टाय, सैल बाही, गळ्यातली साखळी जवळ नको. फिरता पट्टा माणूस ओळखत नाही.

खात्री मात्र इंजिन बंद करून, पट्टा काढूनच होते. प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. चांगले बेअरिंग गुळगुळीत फिरते आणि ग्रीसमुळे लवकर थांबते. खराब बेअरिंग दोन प्रकारचे. एक वाळू भरल्यासारखे खरखरते. दुसरे भोवऱ्यासारखे गरागरा फिरतच राहते. हे दुसरे पाहून लोकांना वाटते, वा, काय छान फिरतेय! ते छान नाही, आतले ग्रीस संपलेले आहे. पुली धरून हलवूनही बघा. डुगडुगली तर बदलायलाच हवी.

आता बदलायची कशी? इंजिन पूर्ण थंड हवे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. पट्टा कुठून कसा जातो त्याचा फोटो काढा. बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली त्याची आकृतीही चिकटवलेली असते. मग लांब दांड्याचा पाना लावून टेन्शनर स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवा, पट्टा एका पुलीवरून सरकवा आणि टेन्शनर हळूच परत सोडा. झटक्यात सोडला तर बोटे सापडतात. त्यानंतर पुलीचा बोल्ट. इथे एक गंमत आहे. काही गाड्यांत हा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो. नेहमीप्रमाणे जोर लावला तर सुटायच्या ऐवजी आवळला जातो आणि शेवटी तुटतो. म्हणून आधी आपल्या मॉडेलचे दुरुस्तीचे मॅन्युअल बघा. बोल्टबरोबर निघणारे वायसर आणि धुळीचे झाकण ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ओळीत ठेवा.

पुली हातात आली की दोन मार्ग. सोपा मार्ग म्हणजे अख्खी नवी पुली आणून लावणे. पुली प्लास्टिकची असेल आणि बेअरिंग त्यातच ओतलेले असेल तर हाच मार्ग. धातूच्या पुलीत नुसते बेअरिंग बदलता येते. त्याच्या सीलवर नंबर असतो. पुष्कळ गाड्यांत तो ६२०३ निघतो. या नंबरात अख्खी कुंडली असते : ६२ ही मालिका, ०३ म्हणजे आतले भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२. पुढे '२आरएस' असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. 'सी३' असेल तर छर्ऱ्यांना नेहमीपेक्षा किंचित जास्त मोकळीक, म्हणजे गरम होऊन फुगल्यावरही ते अडकत नाहीत. नंबर तोच असला तरी कुठलेही स्वस्त बेअरिंग घेऊ नका. जास्त वेग आणि जास्त तापमान सोसणारे, नावाजलेल्या कंपनीचे आणि ओळखीच्या दुकानातले घ्या, कारण नामवंत कंपन्यांच्या नावाने नकली मालही विकला जातो.

सर्क्लिप असेल तर ती काढून, जुने बेअरिंग बेंच व्हाइसमध्ये दाबून बाहेर काढतात. एका बाजूला ते ज्यात मावेल असा मोठा सॉकेट, दुसऱ्या बाजूला दाबायला छोटा. नवे बसवताना एकच नियम पाठ करा : दाब फक्त बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर दाब दिला की तो छर्ऱ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर बारीक वण उमटतात आणि नवे कोरे बेअरिंग बसवतानाच म्हातारे होते. हातोडी तर नकोच. परत जोडताना बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने टॉर्क रेंचने आवळा. पट्ट्याच्या सगळ्या रेघा पुलीच्या खाचांत नीट बसल्या का, ते टॉर्च मारून पाहा. मग बॅटरी जोडा, दहा सेकंद इंजिन चालवा, बंद करा, पुन्हा एकदा पाहा. झाले! ही अवजारे विकतच घ्यायला हवीत असे नाही. ऑटो पार्ट्‌सची काही मोठी दुकाने ती डिपॉझिटवर वापरायला देतात.

घरी काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. टायमिंग बेल्टच्या पुल्यांना हात लावू नका. तिथे एक दाता चुकला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. पुलीपर्यंत पोचायला चाक काढावे लागत असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, सपाट जागेवर जॅक-स्टँड लावाच. आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये कामाला लागण्यापूर्वी भाडेकरार वाचा. अनेक ठिकाणी तिथे गाडी दुरुस्त करायला मनाई असते.

वॉरंटीचे काय, असे विचाराल. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याप्रमाणे, केवळ तुम्ही स्वतः दुरुस्ती केली म्हणून कंपनीला वॉरंटी रद्द करता येत नाही. तुमच्या हातून काही बिघडले तर तो खर्च मात्र तुमचाच. पावत्या जपून ठेवा. आणि ज्यांच्याकडे पूर्ण इलेक्ट्रिक गाडी आहे त्यांनी हसू नये. तुमच्याकडे हा पट्टा नाही हे खरे, पण मोटर आणि चाके बेअरिंगवरच फिरतात!

आपल्याकडच्या माणसाला बेअरिंग परके नाही. सायकल ओव्हरऑइल करायला टाकली की ताटलीत रॉकेलमध्ये बुडवलेले छर्रे आपण सगळ्यांनी पाहिलेत. चिंचवडला एस.के.एफ.चा बेअरिंगचा कारखाना कित्येक वर्षे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये शिकवत होते. ते सोडून त्यांनी बेळगावात भावाबरोबर सायकलचे दुकान चालवले, आणि पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिकलेल्या माणसाने हात काळे करण्यात कमीपणा नाही, हे आपल्याच मातीत सिद्ध झालेले आहे. आम्हीही पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये फायलिंग घासले, जर्नल भरले, आणि डिग्री मिळाल्यावर हाताला पुन्हा ग्रीस लागू दिले नाही. इथे, या ड्राइव्हवेत, ते शिक्षण पहिल्यांदा कामी आले.

शेवटी प्रस्ताव. थंडी ओसरली की एका शनिवारी, एखाद्या सभासदाच्या घरच्या ड्राइव्हवेत, आम्ही चौघे आमची अवजारे घेऊन बसतो. ज्याची गाडी कुरकुरते त्याने यावे. निदान फुकट. काम घरी करण्याजोगे असेल तर तुमच्याकडूनच, तुमच्याच हाताने करून घेऊ. नसेल तर नेमके काय बिघडले आहे ते कागदावर लिहून देऊ, म्हणजे गॅरेजमध्ये तुम्ही अंधारात राहणार नाही. ज्यांना परवडेल त्यांनी वाचलेल्या पैशातला वाटा निधीच्या पेटीत टाकावा. ज्यांना परवडत नसेल त्यांनी काही टाकू नये, आणि पेटीजवळ उभे राहून कुणी बघणारही नाही.

एवढे मात्र आजच करा. घरी जाताना पहिली पाच मिनिटे रेडिओ बंद ठेवा. गाडी काय म्हणते ते ऐका. आणि शेजारी कुणी नवीन आले असेल, तर त्याच्या गाडीकडेही जरा कान द्या.

जेवण लागल्याची खूण स्वयंसेवक करत आहेत. तेव्हा आमचे इंजिन इथेच बंद करतो.