इसहाकाचीही प्रार्थना



परवा शब्बाथच्या सकाळी आपण 'तोलदोत' हा तोरेचा भाग वाचला. इसहाकाचा विवाह 40 व्या वर्षी झाला आणि एसाव व याकोब जन्मले तेव्हा तो 60 वर्षांचा होता. रिबकेला मूल होत नव्हते, असे तोरा सांगते आणि आपण बहुतेक जण तिथेच थांबतो. ताल्मुदाच्या येवामोत या ग्रंथात मात्र आपल्या ज्ञानी गुरुजनांनी वेगळा विचार मांडला आहे. इसहाकाने पत्नीच्या 'समोर' प्रार्थना केली, या एका हिब्रू शब्दावरून त्यांनी असा अर्थ काढला की उणीव दोघांतही होती. हे मला चाळिशी गाठेपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत 31 वर्षे रक्त तपासण्याचे काम केले. माझा विवाह 1990 मध्ये झाला, तेव्हा माझी पत्नी 32 वर्षांची होती. पुढची पाच वर्षे तपासण्या तिच्याच झाल्या: रक्त, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, आणि मग इंजेक्शने. तिच्या आईने मुंबईहून अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाऊन एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस केला. तो नवस लेकीसाठी होता. जावयात काही उणे असेल, हे कोणाच्या मनातही आले नाही. वास्तविक डॉक्टरांनी माझ्या वीर्यतपासणीची चिठ्ठी पहिल्याच वर्षी दिली होती. ती मी पाकिटात घडी करून ठेवली. रोज परक्यांच्या बाटल्यांवर नावे चिकटवणारा मी, स्वतःची एक बाटली द्यायला धजलो नाही. ती दिली 1996 मध्ये. शुक्राणूंची संख्या फार कमी निघाली.

पत्नी तोवर 38 वर्षांची झाली होती. एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडण्याची 'इक्सी' ही पद्धत 1992 पासून जगाला ठाऊक झाली होती. आम्ही चार वेळा प्रयत्न केला. आमच्या घरी पाळणा हलला नाही. लवकर गेलो असतो तर हललाच असता, असे मी म्हणणार नाही. पण पुरुष जी वर्षे संकोचात घालवतो ती स्त्रीच्या खात्यावर पडतात, कारण तिच्या बीजाचे वय कोणासाठी थांबत नाही. ती आज या सभागृहात बसली आहे. तिच्या संमतीनेच हे बोलतो आहे.

संकोच कशाचा होता? मराठीत 'वांझ' हा शब्द आपण स्त्रीला चिकटवला. पुरुषासाठी जो शब्द चटकन तोंडी येतो, 'नपुंसक', त्याचा अर्थच निराळा आहे. समागमाची शक्ती आणि शुक्राणूंची निर्मिती या दोन भिन्न गोष्टी आहेत. संसारात काहीही अडचण नसलेल्या, धडधाकट पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. बाहेरून ते दिसत नाही, त्यालाही कळत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणासोबत.

नियमित प्रयत्न करूनही वर्षभरात गर्भ राहिला नाही तर दोघांनी एकाच वेळी तपासणी करावी. पत्नी 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी, आणि 40 च्या पुढे असेल तर वाट पाहूच नये. ज्याचे वृषण लहानपणी खाली उतरले नव्हते, वयात आल्यावर गालगुंड होऊन ज्याचे वृषण सुजले होते, किंवा ज्याला कर्करोगाचे औषध घ्यावे लागले, त्याने वर्षाची मुदत धरू नये. तरुण मुलाला असे औषध सुरू होणार असेल तर त्याआधीच वीर्य गोठवून ठेवण्याविषयी विचारा. नंतर विचारून फार उशीर होतो. वृषणात गाठ लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, आणि अचानक तीव्र कळ आली तर त्याच तासाला.

तपासणी साधी आहे. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यायचा आणि तो तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची मर्यादा दिली आहे. तिच्याखाली आकडा आला म्हणजे दार बंद झाले असे नव्हे. एका तपासणीवरून निर्णय करू नये. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून मागच्या महिन्यातला ताप आजच्या अहवालात दिसतो. पुष्कळदा कारण वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरांत असते, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. काही जणांना शस्त्रक्रियेने गुण येतो. आणि जिममध्ये जाणाऱ्या आपल्या मुलांना सांगा: टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शरीर पिळदार करतात, पण वृषणांचे काम बंद पाडतात. मर्दानगी वाढवायला घेतलेले औषध नेमके उलटे करते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

नमुना कसा द्यावा, हा हलाखाचा प्रश्न आहे आणि तो विचारण्यात गैर काही नाही. रब्बींकडे त्याची उत्तरे आहेत. समागमाच्या वेळी वापरायचे खास आवरणही मिळते (दुकानातले साधे चालत नाही, त्याने शुक्राणू मरू शकतात). यरुशलेमची पुआ संस्था याच कामात मार्गदर्शन करते. खर्चाची चिंताही इथे, इस्राएलात, मोठी नाही: आरोग्य विम्याच्या कायद्याप्रमाणे पत्नी 45 वर्षांची होईपर्यंत, दोन अपत्यांसाठी, आयव्हीएफचा खर्च उचलला जातो, अटी आपल्या कुपत खोलीममध्ये विचारा.

सासूबाईंना एक विनंती आहे. सुनेला "काही बातमी?" असे विचारण्याआधी मुलाला एकांतात विचारा, तू चिठ्ठी घेतलीस का?

इथे सर्वांसमोर प्रश्न विचारणे कठीण आहे, हे मी जाणतो. चहा संपेपर्यंत मी बाहेर अंगणात थांबणार आहे.