मेल डिलीट केले, जागा का नाही सुटली?

पुनावळ्यात राहून हिंजवडीला किंवा चाकणला नोकरी करणाऱ्याच्या लॅपटॉपवर सी ड्राइव्ह लाल झाला, की संशय आधी घरच्या फोटोंवर जातो. दोषी बहुधा आउटलुकची ओएसटी फाइल असते. सर्व्हरवरच्या मेलची ही ऑफलाइन प्रत. सप्लायरचे ड्रॉइंग जोडलेले मेल साठले की फुगत जाते. आउटलुक 2010 पासून तिची मूळ मर्यादा 50 जीबी आहे.

मेल डिलीट केले, कचरापेटीही रिकामी केली, तरी फाइल तेवढीच! आत मोकळी झालेली जागा ती लगेच विंडोजला परत देत नाही. त्यासाठी जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये डेटा फाइल्स, तिथे सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, त्यात आउटलुक डेटा फाइल सेटिंग्ज आणि शेवटी ‘कॉम्पॅक्ट नाऊ’. वेळ लागतो, जेवायला जाताना लावून द्यावं.

खातं एक्स्चेंजचं असेल तर त्याआधी ऑफलाइन मेलची मुदत 12 महिन्यांवरून 3 वर आणा. जुने मेल सर्व्हरवर राहतातच. पीएसटी फाइलचं मात्र तसं नाही. तिच्यातले मेल बहुधा फक्त तुमच्याच मशीनवर असतात, तेव्हा आउटलुक बंद करून आधी तिची प्रत काढा.