भुलाबाई बसल्याशिवाय गाणं नाही

कम्युनिटी रेडिओवर मी दर आठवड्याला गाण्यांचा कार्यक्रम करतो, अन् त्याचं कॅलेंडर मोर्शीचा हंगामच ठरवतो. पोळ्याला तोरणाखालच्या झडत्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी. मग संत्र्याचा आंबिया तोडीला येतो, त्याच सुमारास मोझरीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, म्हणजे खंजिरी भजनं. उन्हाळ्यात हळदीची गाणी.

एकदा मे महिन्यात एका श्रोत्यानं भुलाबाईच्या गाण्याची फर्माईश केली. त्याच्याच आजीला विचारलं, तर म्हणे, "भुलाबाई बसली नाही, तं गानं कसं म्हनू बापू?" खरंच आहे. ज्वारीच्या धांड्यांचा मखर नाही, पोरी नाहीत, खिरापत ओळखणं नाही. गाणं आठवणार कुठून?

म्हणजे महिना चुकला की वर्षभर थांबा. अन् आजीचं वय थांबत नाही.

कम्युनिटी रेडिओचा आवाज जेमतेम 10-15 किलोमीटर जातो. पण नियमानंच किमान 50 टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावा लागतो. ती जागा तुमच्या आजीची आहे. येत्या भुलाबाईत पंखा बंद करा, फोन आजीजवळ ठेवा अन् पूर्ण गाणं रेकॉर्ड करा.

भेटू पुढच्या भागात!