घरबसल्या फ्रेंच : एकलव्यांसाठी काही सूचना



वैशाखातल्या या उकाड्यात, चिखलीसारख्या गावी, फ्रेंच भाषेवर व्याख्यान ठेवायचे म्हणजे चालकांनी धाडसच केले म्हणायचे. आज संध्याकाळी घरातून निघताना तुमच्यापैकी अनेकांना घरच्यांनी विचारले असेल, "आता हे फ्रेंच कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी त्याच्यापासूनच सुरुवात करतो. कारण कशाला शिकायचे हे ज्याने ठरवले नाही, त्याचे फ्रेंचचे पुस्तक तिसऱ्या धड्यापाशी मिटते आणि पुन्हा उघडत नाही.

माझ्यासमोर दोन प्रकारचे विद्यार्थी आहेत. एक तरुण आहे. त्याला पुढच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जायचे आहे, आणि 'आणखी एक भाषा आली तर बरे' असे कोणीतरी त्याला सांगितले आहे. दुसरे गृहस्थ निवृत्त आहेत. त्यांना वाचनाची आवड आहे, इतिहासाची आवड आहे, वेळही आहे. दोघांची अडचण मात्र एकच : गावात शिकवणारा नाही. म्हणजे दोघेही एकलव्य. पण एकलव्याने निदान मातीचा द्रोणाचार्य समोर उभा केला होता. आपण समोर काय उभे करायचे?

या बाबतीत आपल्यापुढे फार मोठे उदाहरण आहे. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांचा बावन्नावा वाढदिवस तेव्हा एका दिवसावर आला होता. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्याच तुरुंगात, त्याच वर्षांत, त्यांनी पाली, जर्मन आणि फ्रेंच या भाषांचा पुस्तकांवरून अभ्यास केला, याची आठवण आपण क्वचित काढतो. शिक्षक नव्हता. सोबतीला होता तो स्वयंपाकासाठी दिलेला एक मराठी कैदी. पन्नाशी उलटलेला, मधुमेहाने गांजलेला माणूस परक्या भाषेची रूपे घोकत बसतो, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. "आता या वयात कुठे" असे म्हणणाऱ्या आमच्या निवृत्त मित्रांना याहून वेगळे उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

मात्र टिळकांना फ्रेंच हवी होती ती वाचण्यासाठी. बाजारात जाऊन फ्रेंचमध्ये घासाघीस करायची नव्हती. ज्याला केवळ वाचायचे आहे, त्याचे निम्मे ओझे पहिल्या दिवशीच उतरते. उच्चार थोडा चुकला तरी पुस्तक काही रागावत नाही. व्याकरणाचे एक पुस्तक, एक कोश आणि चिकाटी एवढ्यावर वर्षभरात साधे गद्य वाचता येऊ लागते. ज्याला बोलायचे आहे, त्याचा मार्ग वेगळा. त्याने कोश मागाहून उघडावा, कान आधी उघडावेत. दोघांनी एकच पुस्तक घेऊन एकाच रीतीने अभ्यास करायचा, ही पहिली चूक असते.

वाचण्यासारखे फ्रेंचमध्ये आपल्यासाठी काय आहे, असे कोणी विचारील. सगळे मोलिएर आणि ह्यूगो बाजूला ठेवा. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात आहे. जिजाऊंच्या त्या पुत्राच्या हयातीतच कार्रे नावाचा एक फ्रेंच धर्मगुरू हिंदुस्थानात हिंडून गेला. त्याचा प्रवासवृत्तान्त १६९९ साली पॅरिसला छापला गेला आणि त्यात शिवाजी महाराजांविषयी मजकूर आहे. पाँदिचेरीची वसाहत नावारूपाला आणणाऱ्या फ्रान्स्वा मार्तेंच्या आठवणींत महाराजांच्या कर्नाटक स्वारीच्या काळातील हकीकती आहेत. आणखी जवळ या. येथून फार लांब नसलेल्या असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या ज्या कवायती पलटणी लढल्या, त्या पद्धतीचा पाया महादजींच्या पदरी असलेल्या डी बॉईनने घातला होता. तो सॅव्हॉय प्रांताचा, फ्रेंच बोलणारा माणूस. आणि त्याच्यामागून आलेला सेनापती पेराँ हा तर फ्रेंचच. आपल्या इतिहासाचा एक कोपरा त्या भाषेत आहे. मोडी वाचता येणारी माणसे आपण जपतो. तशी फ्रेंच वाचणारी दोन माणसे या तालुक्यात निपजली तर बिघडले कोठे? मात्र जुने छापील फ्रेंच उघडाल तर काही रूपांचे लेखन आजच्याहून निराळे दिसेल. ते बदल अकादमीने १८३५ च्या कोशात स्वीकारले. म्हणून आधी आजचे फ्रेंच, मग जुने.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे फ्रेंच शिकतात ती बहुधा इंग्रजीतल्या पुस्तकांवरून. ती पुस्तके लिहिली आहेत इंग्रजांसाठी. इंग्रजाला जे जड जाते ते त्यांत पानेच्या पाने समजावलेले असते, आणि ते वाचून आपला विद्यार्थी उगीच घाबरतो. वास्तविक तो फ्रेंचचे अर्धे व्याकरण आईच्या मांडीवर शिकून आलेला असतो!

लिंगाचेच पाहा. निर्जीव वस्तूला पुल्लिंग-स्त्रीलिंग असते हे ऐकून इंग्रज विद्यार्थी हतबुद्ध होतो. आपल्याला त्यात काय नवल? आपल्या खुर्चीला स्त्रीलिंग आहे, फ्रेंच खुर्चीलाही आहे. आपल्याकडे लिंगे तीन, त्यांच्याकडे दोनच. म्हणजे सवलतच मिळाली. विशेषणही आपल्यासारखेच लिंगाप्रमाणे बदलते : आपण चांगला-चांगली म्हणतो, ते 'बों' आणि 'बॉन' म्हणतात. फक्त प्रत्येक नामाचे लिंग नव्याने पाठ करावे लागते, आणि तेथे मराठीवर विसंबून चालत नाही. आपला सूर्य पुरुष, त्यांचाही पुरुष; पण आपला चांदोमामा तिकडे 'ला ल्यून', म्हणजे बाई आहे! समुद्रही बाई. तेव्हा कोणतेही नाम 'ल' किंवा 'ला' हे उपपद जोडूनच पाठ करावे. नुसते 'ल्यून' पाठ करणे म्हणजे शेंडीवाचून नारळ उचलणे.

दुसरे, तू आणि तुम्ही. 'त्यू' म्हणजे तू, 'वू' म्हणजे तुम्ही. आणि अनेकवचनाचा 'वू'च आदरासाठी वापरतात, अगदी आपल्यासारखा. इंग्रजाला यावर प्रकरण लिहावे लागते. आपल्याला एवढेच सांगायचे की तिकडे मूल आईला आणि वडिलांना दोघांनाही सहसा 'त्यू' म्हणते, आणि नवराबायकोही एकमेकांना 'त्यू'च म्हणतात. 'अहो' आणि 'इकडून' यांना तिथे जागा नाही.

तिसरी गोष्ट जरा बारीक आहे, पण मला ती सर्वांत आवडते. "मी पत्र लिहिले", "मी चिठ्ठी लिहिली." लिहिणारा मीच, पण क्रियापद चालते ते पत्राच्या आणि चिठ्ठीच्या लिंगाने. हिंदी सोडल्यास हे बाहेरच्याला समजावताना आपली तारांबळ उडते. फ्रेंचमध्ये "मी चिठ्ठी लिहिली" याला 'झे एक्री ला लेत्र्' म्हणतात. येथे काही होत नाही. पण "मी लिहिलेली चिठ्ठी" म्हणायचे झाले, चिठ्ठी क्रियापदाच्या आधी आली, की 'एक्री'चे 'एक्रीत' होते. चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून धातुसाधितही स्त्रीलिंगी. हा नियम फ्रेंच मुलांनाही छळतो. मराठी माणसाने 'लिहिलेली' हा शब्द मनात म्हणावा आणि पुढे जावे. तसेच 'इल एताले' म्हणजे तो गेला आणि 'एल एताले' म्हणजे ती गेली : उच्चार सारखा, पण लिहिताना 'गेली'ला शेवटी एक अक्षर अधिक.

आणि आकडे! सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार विसा', नव्वद म्हणजे 'चार विसा-दहा'. शहरी विद्यार्थी हसतो. पण तुमच्या आजीने ज्वारीची कणसे किंवा गोवऱ्या मोजताना 'चार इसा' म्हटलेले ज्यांनी ऐकले असेल, त्यांना पॅरिसचा वाणी आपल्याच गावचा वाटेल.

उच्चारांत मात्र मराठी काही ठिकाणी साथ देते, काही ठिकाणी सोडते. अनुनासिक आपल्याला जमते. नीट ऐकू आले नाही की आपण "अँ?" म्हणतो ना, तोच तो स्वर. 'पें' म्हणजे पाव. आपला पाव पोर्तुगीजांकडून आला, आणि दोघेही लॅटिनचे नातू. त्यात न् किंवा म् स्पष्ट म्हटला की बिघडले. 'र' घशातून काढायचा असतो. शेजारी कोणी उर्दू बोलणारे असतील तर त्यांच्या 'गजल' शब्दातला 'ग' लक्ष देऊन ऐका, त्याच्या जवळपास तो आहे. मघापासून मी 'झ' लिहून दाखवतो तो झाडातला नव्हे; 'श' म्हणता म्हणता त्याला कंठातला घोष द्या. 'त्यू'मधला स्वर मात्र आपल्याकडे नाहीच. ओठ 'ऊ'चे करा आणि आत जीभ 'ई'ची ठेवा. आरशासमोर आठ दिवस केले की येतो. म्हणूनच देवनागरीत उच्चार लिहून घ्यायचे ते पहिला महिनाभर. नंतर ती काठी टाकून द्यावी, नाहीतर लंगडण्याची सवय लागते.

लेखनात शेवटची व्यंजने बहुधा मुकी असतात. 'पॅरिस' तेथे 'पारी' होते. आपण १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून झाडून काढले. फ्रेंचांनी एवढा मोठा झाडू कधी फिरवला नाही. पण ही मुकी अक्षरे अगदीच मेलेली नसतात. पुढे स्वर आला की जागी होतात : 'ले' आणि 'आंफां' मिळून 'लेझांफां', म्हणजे मुले. ज्यांनी शाळेत संस्कृतचे संधी सोडवले आहेत त्यांनी त्या जुन्या कष्टांचे चीज करून घ्यावे.

मग इंग्रजी अगदी निरुपयोगी का? तसे नव्हे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे कित्येक शतके फ्रेंच शब्द इंग्रजीत येत राहिले. त्यामुळे इंग्रजी जाणणाऱ्याला छापील फ्रेंच पानावर ओळखीचे चेहरे पुष्कळ दिसतात. रेस्टॉरंट, मेनू, ब्यूरो, गॅरेज हे तर आपल्या बसस्टँडवरचे शब्द. शब्दांसाठी इंग्रजीची मदत जरूर घ्यावी, वाक्याच्या चालीसाठी मराठीची. इंग्रजीत भुकेला माणूस 'मी भुकेला आहे' म्हणतो. फ्रेंच माणसाजवळ भूक 'असते', वयाची वर्षेही त्याच्याजवळ 'असतात'. आपल्यालाही भूक लागते, आपण भूक होत नाही. ओळखीचे सगळेच चेहरे प्रामाणिक नसतात, हेही लक्षात ठेवावे : 'लिब्रेरी' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान.

आता रोजच्या अभ्यासाविषयी. रोज अर्धा तास. रविवारी चार तास बसून सहा दिवस सुट्टी घेणाऱ्याला भाषा येत नाही. विहिरीला रोज पाझर लागतो. एकच पुस्तक घ्यावे आणि ते संपवावे. एत्र्, आव्ह्वार, आले, फेर — असणे, जवळ असणे, जाणे, करणे — ही चार क्रियापदे परवचा म्हणतो तशी मोठ्याने म्हणावीत : 'झ स्वी, त्यू ए, इल ए, नू सॉम, वूझेत, इल सों.' ही चारही अनियमित आहेत, पण त्यांच्यावाचून गाडी हलत नाही. 'फेर' आले की तुम्हांला उन्हाळ्यातले पहिले उपयोगी वाक्य आले : 'इल फे शो', उकडते आहे. चिखलीत मे महिन्यात याची उजळणी आपोआप होईल.

कानांसाठी आज जी सोय आहे ती मंडालेच्या कैद्याला नव्हती. रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलवर सोप्या फ्रेंचमधील दहा मिनिटांच्या बातम्या असतात आणि त्या मोबाइलवर फुकट ऐकता येतात. पहिले पंधरा दिवस एक शब्द कळणार नाही. ऐकावे. मग जुन्या मास्तरांची एक पद्धत घ्यावी : शुद्धलेखन. दोन वाक्ये ऐकायची, थांबवायची, लिहायची, छापील मजकुराशी ताडून पाहायची, चुकलेला शब्द पाच वेळा लिहायचा. फ्रेंच शाळांतही हा प्रकार चालत आला आहे. मुक्या अक्षरांची भाषा शिकायला याहून चांगली छडी मला दिसत नाही. 'तीस दिवसांत फ्रेंच' अशी जाहिरात करणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये. तीस दिवसांत नमस्कार करता येतो आणि चहा मागता येतो, एवढेच.

तिसऱ्या महिन्यात कंटाळा येतो. सुरुवातीची गंमत ओसरलेली असते आणि वाचता अजून काहीच येत नसते. तेथे बहुतेकांचे पुस्तक मिटते. त्या वेळी सोबती लागतो. दोघांनी मिळून शिकावे, आठवड्यातून एकदा वाचनालयात बसून एकमेकांचे शुद्धलेखन तपासावे. तरुणांनी परीक्षेची तारीख गाठीला बांधून घ्यावी. फ्रेंच सरकारची 'डेल्फ' नावाची परीक्षा असते, तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि एकदा मिळालेले प्रमाणपत्र कायम चालते. निवृत्तांनी परीक्षेच्या भानगडीत पडू नये.

आणि गावात सोबती मिळालाच नाही तर? मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज राहतात. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. घरात बोलतात ती क्रिओल, जिचे बहुतेक शब्द फ्रेंचचे. तेथली वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंच. आणि मराठी तेथली मुले शाळेत, पुस्तकावरून शिकतात. म्हणजे आपल्या पाठीवरचे ओझे त्यांच्या हातात आणि त्यांच्या पाठीवरचे आपल्या हातात. अशा एखाद्याशी ओळख करून घ्यावी. आज पत्राला महिना लागत नाही. त्याने तुम्हांला वर्तमानपत्रातली दहा ओळींची बातमी वाचून पाठवावी, तुम्ही त्याला मराठीतली दहा ओळींची गोष्ट वाचून पाठवावी. तो तुमचा 'त्यू' दुरुस्त करील, तुम्ही त्याचा 'ळ' करा.