शेवटच्या चार सिगारेटी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी जेव्हा विचारले, "मास्तर, सिगारेट सोडण्यावर बोलाल का?" तेव्हा आम्ही होकार दिला खरा, परंतु आम्ही काही डॉक्टर नाही, गणित शिकवणारे मास्तर आहोत. आमचा अधिकार एवढाच की, हे व्यसन आम्ही अठरा वर्षे पोसले, आणि सोडताना एकदा सपशेल नापास झालो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा सुटल्यावर खडेबाजारातील एका चहाच्या दुकानामागे आम्ही सिगारेट ओढत उभे होतो. तेवढ्यात आमच्याच नववीच्या वर्गातील एक मुलगा तेथे आला. त्याच्याही बोटांत सिगारेट होती. एकमेकांना पाहताच दोघांनीही हात पाठीमागे नेले. त्याला दोन शब्द सुनवावेत एवढे तोंड आम्हांला उरले नव्हते. काही न बोलता दोघे दोन दिशांना गेलो.

त्या रात्री ठरवले, आता कमी करायची. तेव्हा दिवसाला बारा होत. दोन महिन्यांत चारवर आणल्या: एक सकाळच्या चहाबरोबर, एक मधल्या सुट्टीत, एक शाळा सुटल्यावर आणि एक रात्री जेवणानंतर. घरी आनंद झाला. आम्हीही स्वतःला शाबासकी दिली, आणि तेथेच चुकलो. चारवर आम्ही वर्षभर मुक्काम ठोकला. त्या चारही सिगारेटी बोटांना चटका बसेपर्यंत, खोल झुरके घेऊन ओढत असू. पुढे डॉक्टरांनी उलगडा केला. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि तलफ लागते. मग माणूस आपली नेहमीची मात्रा थोडक्या सिगारेटींतूनच वसूल करू पाहतो. म्हणून बाराच्या चार झाल्या तरी पोटात जाणारा धूर एक तृतीयांश होतोच असे नाही. वर्षाअखेरीस बोर्डाचे पेपर तपासायला आले आणि चाराच्या सात, साताच्या दहा केव्हा झाल्या ते कळलेही नाही.

"तीन-चार म्हणजे काहीच नाहीत," असे म्हणणारे मित्र याही सभेत असतील. त्यांनी एक हिशेब ऐकावा. अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१८ साली असे दिसून आले की, दिवसाला वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जेवढा जादा धोका वाढतो, त्याचा जवळजवळ निम्मा भाग एका सिगारेटीनेच वाढतो. त्रैराशिकाने येथे उत्तर येत नाही.

मग कमी करत जाणे व्यर्थ काय? तसेही नाही. इंग्लंडमध्ये सुमारे सातशे माणसांवर झालेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी ठरल्या दिवशी एकदम सोडली. निम्म्यांनी आधी दोन आठवडे कमी करत आणून मग सोडली. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शंभरात बावीस टिकले, दुसऱ्यात साडेपंधरा. पुढे २०१९ साली पुष्कळ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा मात्र दोन्ही वाटांत ठळक अंतर आढळले नाही. ज्याला एकदम जमेल त्याने एकदमच सोडावी. ज्याला ते धैर्य होत नाही, त्याला ही दुसरी वाट मोकळी आहे. परंतु त्या वाटेच्या टोकाला तारीख हवी.

हे आम्हांस खरे तर फार आधी कळायला हवे होते. रमजानात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, तेरा-चौदा तास, आम्ही सिगारेटला शिवत नसू. मगरीबची अजान झाली, खजूर तोंडात टाकला, की हात खिशाकडे जाई! तलफ दिवसभर आवरता येते हे दरवर्षी महिनाभर सिद्ध होत होते, कारण तेथे हद्द आखलेली होती. आमच्या चार सिगारेटींना हद्दच नव्हती.

दुसऱ्या खेपेस आधी वहीत तारीख लिहिली: दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस. चार आठवडे हाताशी होते. पहिल्यात रोज सात, मग पाच, मग तीन, शेवटी एक. वेळा घड्याळाने ठरवल्या, तलफेने नव्हे. पाकीट घरच्यांच्या ताब्यात दिले. चहाबरोबरची सर्वांत अवघड, म्हणून काही दिवस चहाच गच्चीवर नेला. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगम घेतले. सुटल्यानंतरचा पहिला आठवडा भांडणाचा गेला. घरच्यांनी तो सोसला, हे त्यांचे उपकार. आज अडीच वर्षे झाली.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात घरी आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही सोडली म्हणे. कशी?" आम्ही ती वही त्याच्यापुढे ठेवली. पाने उलटून तो म्हणाला, "बघतो, सर." अजून त्याने तारीख कळवलेली नाही. आम्ही वाट पाहत आहोत.

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे गरजूंना औषधे आणि मुलांना पुस्तके पुरवली. या वर्षी प्रत्येक घराने आपल्या माणसाला एवढेच विचारावे, "तारीख कोणती?" रागावून नव्हे, मायेने. मदतीचा क्रमांक तर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.